खाणीची कच, नदीची वाळू आणि बायांचा वाटा

(कुंडल इथे परिसरातल्या बचत गटांच्या आणि कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात दिलेलं हे व्याख्यान. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

माझा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून तुमच्यातल्या दोघी-तिघींनी विचारलं, "ताई, काँक्रीटमध्ये वाळू घालायची का खाणीची कच, हा गवंड्याचा आणि इंजिनिअरचा प्रश्न. बाईच्या हक्काशी त्याचा काय संबंध?" प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्या शिबिरांत मारहाण, हुंडा, पोटगी, रेशन, दारू यांवर आपण बोलतो आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण घर कशाचं बांधलं जातं, तो माल कुठून येतो, कुणाच्या डोक्यावरून येतो आणि त्याचा पैसा कुणाच्या खिशात जातो, हे विचारायला लागलं की बाई जागोजाग सापडते. खाणीत, क्रशरवर, नदीच्या पात्रात, बांधकामावर सगळीकडे ती आहे. ती नाही फक्त हिशेबाच्या वहीत.

मी इंजिनिअर नाही. समाजकार्य शिकले आणि गेली काही वर्षं खाणीवरच्या आणि बांधकामावरच्या बायांबरोबर काम करते आहे. तेव्हा तांत्रिक गोष्टी आपल्याला लागतील तेवढ्याच सांगेन. पण तेवढ्या आपल्याला कळल्याच पाहिजेत. "हे तुम्हाला कळायचं नाही" हे वाक्य ऐकवून आपल्याला किती ठिकाणांहून परत पाठवलं आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

बाई आणि दगड

इथे बसलेल्या मोठ्या बायांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. धाकट्यांनी आई-आजीकडून ऐकला असेल. त्या दुष्काळात महाराष्ट्रभर बाया रस्त्याकडेला बसून खडी फोडत होत्या. एका हाताने दगड धरायचा, दुसऱ्या हाताने हातोडी मारायची, शेजारी फडक्याच्या झोळीत लेकरू. ढिगाचं माप घेऊन मजुरी. त्या कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ साली. महाराष्ट्राच्या किती रस्त्यांच्या पोटात बायांनी फोडलेली खडी आहे, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

आज खडी यंत्र फोडतं. क्रशर आले. पण बाई तिथून गेली नाही, तिचं काम बदललं. सुरुंग लागून दगड सुटला की डबर गोळा करणं, गाडीत भरणं, पट्ट्याखाली सांडलेलं उचलणं, पाणी आणणं, झाडणं ही कामं तिची झाली. या धंद्यात पिढ्यान्पिढ्या वडार समाज आहे. आता त्यांच्याबरोबर कर्नाटकातून आणि आणखी लांबच्या राज्यांतून आलेली कुटुंबंही दिसतात. बऱ्याच ठिकाणी मजुरी अजून 'जोडी'वर ठरते. नवरा-बायको मिळून इतक्या ब्रासला इतके पैसे. उचल नवऱ्याच्या नावावर, हजेरी नवऱ्याच्या नावावर, हिशेबही त्याच्याच हातात. बाईने आठवड्यात किती दिवस काम केलं हे सांगणारा एक कागदही तिच्याकडे नसतो. समान कामाला समान वेतन १९७६ पासून कायद्यात आहे. पण जिची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही, तिची समान आहे की नाही हे ठरवणार कसं?

एका खाणीवरच्या वस्तीत मी आरोग्याची पाहणी करत होते. तिथली एक बाई म्हणाली, "ताई, आमी काय मोजतासा? हितं भाकरीवर कच, पान्यात कच, लेकराच्या डोळ्यात कच. झाडून काढलं की पुन्यांदा तेवढीच. ह्या कचंला कोन इचारतंय?"

आता विचारणारे आले आहेत. जी कच कालपर्यंत कुणाला नको होती, तिला आज गिऱ्हाईक आहे. म्हणूनच आपण आज बोलायला हवं.

वाळू म्हणजे नदीचा माठ

कचेला गिऱ्हाईक कसं आलं हे समजायला आधी वाळूकडे जावं लागेल.

आपली येरळा खटाव तालुक्यात उगम पावते, खानापूर तालुक्यातून खाली येते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. आठ-आठ महिने वर पाणी दिसत नाही, पण पूर्वी पात्रात झरा खणला की पाणी लागायचं. कारण वाळूच्या दाण्यादाण्यांत पोकळी असते. वाळूच्या थराचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा ही पोकळीच असते आणि तिच्यात पाणी साठून राहतं. वर ऊन असलं तरी खालचं पाणी लवकर उडून जात नाही. काठावरच्या विहिरींना तेच पाणी पुरतं. घरातल्या माठासारखं आहे हे. वाळूचा ट्रक भरून गेला की नदीचा माठ तेवढा फुटला. मग विहीर आटते आणि हंडा घेऊन बाई आणखी एक मैल पुढे चालते. वाळूच्या लिलावाचा पैसा तिला मिळत नाही, त्या मैलाचा हिशेब मात्र तिच्याच पायांकडून वसूल होतो.

याच येरळेवर खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी काय केलं, ते पुन्हा पुन्हा सांगावं असं आहे. १९८० नंतरच्या दुष्काळात मुक्ती संघर्ष चळवळीने प्रश्न विचारला, की वर्षानुवर्षं नुसती खडी फोडून दुष्काळ हटणार आहे का? दुष्काळ कायमचा हटवायचा तर पाणी अडवावं लागेल. पैसा कुठला? लोक म्हणाले, आमच्या नदीतली वाळू ठेकेदार नेतो आणि आम्ही कोरडे राहतो. त्यापेक्षा आम्हीच मोजकी वाळू विकू आणि त्यातून धरण बांधू. डॉ. भारत पाटणकर, संपतराव पवार असे कार्यकर्ते, के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते, शहरांतून श्रमदानाला आलेली मुलं-मुली आणि गावातली बाया-माणसं यांनी मिळून ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बळीराजा स्मृती धरण उभं केलं. सरकारने अडवलं, लोक मागे हटले नाहीत. आणि पाणी नुसतं जमीनवाल्यांचं नाही, भूमिहीनालाही त्यात वाटा हवा, हा आग्रह चळवळीने धरला.

त्याच काळात इंदूताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या बायांनी या जिल्ह्यात परित्यक्तांचा प्रश्न उभा केला. टाकलेल्या बाईला स्वतंत्र रेशनकार्ड हवं, घराला जागा हवी. पाण्याची चळवळ आणि परित्यक्तांची चळवळ एकाच मातीत वाढल्या, हे विसरू नका. दोन्हींचं म्हणणं एकच होतं. गावाच्या साधनांवर ज्याचं नाव लिहिलेलं नाही, त्याचाही हक्क असतो.

बळीराजा धरणाने वाळूबद्दल जे विचारलं, तेच मला आज कचेबद्दल विचारायचं आहे.

कच म्हणजे नेमकं काय

खाणीतला दगड क्रशरमध्ये चेचला की चाळणीवरून वेगवेगळ्या मापाची खडी बाहेर पडते. पावणेपाच मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडतो तो भुगा म्हणजे कच, डस्ट. शंभर टन दगड चेचला तर साधारण वीस-पंचवीस टन कच निघते. वर्षानुवर्षं तिचे डोंगर क्रशरशेजारी पडून राहिले. वाऱ्याने उडून शेजारच्या पिकावर बसले, पावसाने ओढ्यात उतरले.

ही कच काँक्रीटमध्ये वाळूऐवजी चालते का? चालते, पण डोळे झाकून नाही. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या चाचण्या सांगतात, की वाळूपैकी साधारण निम्म्यापर्यंत हिस्सा चांगल्या कचेचा घातला तर काँक्रीटची ताकद कमी होत नाही. कधी कधी थोडी वाढतेही, कारण नदीच्या वाळूचा दाणा गोल गुळगुळीत असतो आणि दगडाचा दाणा कोनेदार. तो सिमेंटला घट्ट धरतो.

अडचणी दोन आहेत. पहिली पाण्याची. कोनेदार दाणे आणि बारीक पीठ यांमुळे माल लवकर आटतो, थापी फिरत नाही. मग गवंडी बादलीभर पाणी वाढवतो. पाणी वाढलं की काम सोपं होतं आणि काँक्रीट कच्चं राहतं. म्हणून कच वापरायची तर पाण्याचं माप धरावं लागतं आणि मोठ्या कामात माल सैल करणारं रसायन वापरावं लागतं. दुसरी अडचण पिठाची आणि मातीची. केसाच्या जाडीपेक्षा बारीक, म्हणजे ७५ मायक्रॉनखालचं पीठ, नदीच्या वाळूत ३ टक्क्यांपर्यंतच चालतं. दगडाच्या वाळूत भारतीय मानक ३८३ ने १५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे, कारण ते दगडाचं पीठ आहे, माती नाही. पण खाणीवरचा मुरूम-माती कचेत मिसळली असेल तर ती मुभा कामाची नाही. मातीचा थर दाण्यावर बसला की सिमेंट त्याला चिकटत नाही.

आपण घरी काय तपासू शकतो? मूठभर ओली कच तळहातावर चोळा. हाताला चिकट मातकट डाग राहिला तर माल नाकारा. काचेच्या बरणीत निम्मी कच, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि काही तास स्थिर ठेवा. वर बसलेला गाळाचा थर किती जाड आहे ते डोळ्यांनी दिसतं. ही पक्की परीक्षा नव्हे, पण दुकानदाराला प्रश्न विचारायला पुरते. पक्की परीक्षा करायची तर १५ सेंटिमीटरचे काँक्रीटचे ठोकळे करून २८ दिवसांनी यंत्राखाली दाबून बघतात. सांगलीत वालचंदसारखं जुनं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गटांनी मिळून तिथे जावं, सल्ला मागावा. मात्र बरणीच्या भरवशावर कुणीही स्लॅब ओतू नये. स्लॅब, कॉलम, बीम यांना इंजिनिअरचा सल्ला लागतोच.

कचेचा सर्वांत सोपा उपयोग आहे सिमेंटच्या विटा, ठोकळे आणि पेव्हिंग ब्लॉक. एक भाग सिमेंट, सहा ते आठ भाग कच आणि बारीक खडी, मोजून पाणी, साचा आणि दाब. भट्टी लागत नाही, सुपीक माती जात नाही, लाकूड-कोळसा जळत नाही. हा उद्योग बचत गटांना करता येण्यासारखा आहे. पण त्यातला एक मुद्दा कुठल्याच माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत. हे ठोकळे किमान १४ दिवस ओले ठेवावे लागतात. ते पाणी कोण मारणार, कुठून आणणार? जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं, तिथे 'महिलांसाठी उद्योग' म्हणून ठोकळ्यांचं यंत्र देणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी चार हंडे देणं. पाण्याची सोय आधी, यंत्र नंतर, हे आपण ठणकावून सांगायचं. आणि ओल्या कचेचं घमेलं अंगावर येतं. पोटुशी बाई, नुकतं ऑपरेशन झालेली बाई ते उचलणार नाही, हा नियम गटाने स्वतःच करायचा.

टाकाऊची किंमत झाली की बाई बाहेर

आता धोरणाकडे येऊ. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात सांगितलं, की पाच हेक्टरपेक्षा लहान वाळू-दगडाच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी हवीच. नदीतली वाळू महागली, चोरटी झाली आणि 'क्रश सँड'चे बोर्ड लागले. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचं, म्हणजे एम-सँडचं धोरण मंजूर केलं. सरकारी बांधकामांत ही वाळू टप्प्याटप्प्याने वापरायची आणि ती बनवणाऱ्यांना स्वामित्वधनात सवलत द्यायची, ब्रासला ६०० ऐवजी २०० रुपये.

नदी वाचणार असेल तर आपण याचं स्वागतच करू. पण दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. खडी काढताना आपोआप निघालेली, पडून असलेली कच धुऊन-चाळून वापरणं ही एक गोष्ट. तिथे खरोखर टाकाऊचं टिकाऊ होतं. आणि खास वाळू करण्यासाठीच दगड फोडायचा, यंत्रात घालून दाणा गोल करायचा, ही दुसरी गोष्ट. तिचा माल जास्त चांगला असतो, हे खरं. पण तिच्यासाठी नवा डोंगर फुटतो. नदीचं दुखणं डोंगरावर ढकललं, एवढाच त्याचा अर्थ होईल. आपल्या शेजारी सागरेश्वर आहे. ओसाड डोंगर धों. म. मोहिते आणि गावकऱ्यांनी हिरवे केले आणि १९८५ साली तिथे अभयारण्य झालं. डोंगर उभा करायला किती वर्षं लागतात, हे या भागाला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. म्हणून आपली पहिली मागणी अशी असेल, की सवलत द्यायची तर आधी पडून असलेल्या कचेच्या वापराला द्या. ते ढीग संपल्याशिवाय वाळूच्या नावाखाली नवी खाण नको.

दुसरी गोष्ट मालकीची. बाईच्या वाट्याचं काम जेव्हा 'धंदा' बनतं तेव्हा काय होतं, ते आपण खूप वेळा पाहिलं आहे. सरपण, डिंक, दूध, शिवण. पैसा नव्हता तोवर ते बायकांचं होतं. पैसा आला की सोसायटीचा चेअरमन पुरुष, गाडी पुरुषाची, बँकेतली सही पुरुषाची. कचेचं तसंच होणार. वीस वर्षं तिचा धुरळा जिने खाल्ला, ती उद्या त्याच कचेचं घमेलं रोजंदारीवर उचलेल आणि स्वतःच्या खोपटाला लावायला पाटीभर मागितली तर तिला सांगतील, "आता कच विकत आहे बाई."

यावर उपाय नाही असं नाही. विजेच्या कारखान्यांतल्या राखेचं उदाहरण घ्या. तीही नको असलेली वस्तू होती. १९९९ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढली, की औष्णिक वीज केंद्रांनी विटा-ठोकळे बनवणाऱ्यांना राख किमान दहा वर्षं मोफत द्यायची. म्हणजे टाकाऊ मालावर समाजाचा हक्क सांगणारा नियम देशात होऊन गेला आहे. वाळूचंही उदाहरण आहे. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद आहे. मग कचेबद्दल का नको? प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घराला मूळ अनुदान १ लाख २० हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावं असा नियम आहे. २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावांत मातीच्या भिंती कशा बसल्या ते आपण पाहिलं. तेव्हा बाईच्या नावाची पक्की भिंत ही चैन नाही, ती तिची सुरक्षितता आहे. नवऱ्याने हाकललं तर 'हे माझं घर आहे' म्हणायला आधी घर उभं राहावं लागतं.

छातीतला धुरळा

आरोग्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. राजस्थानात वालुकाश्माच्या खाणींतले मजूर सिलिकोसिसने मेले, तेव्हा २०१९ साली तिथल्या सरकारला त्यासाठी वेगळं धोरण करावं लागलं. आपला दगड बसाल्ट, काळा कातळ. त्यात मोकळ्या सिलिकाचं प्रमाण वालुकाश्मापेक्षा बरंच कमी असतं. म्हणून मी भीती पसरवणार नाही. पण 'आपल्या धुरळ्याने काही होत नाही' हेही खोटं आहे. कुठलंही बारीक दगडी पीठ वर्षानुवर्षं छातीत गेलं की खोकला, धाप, दमा मागे लागतो. आणि बाईच्या छातीत तर चुलीचा धूरही असतो. तिचा खोकला दवाखान्यात टीबी म्हणून किंवा 'बायकांची तक्रार' म्हणून लिहिला जातो. डॉक्टर काम काय करता हे विचारत नाहीत. मैत्रिणींनो, तुम्ही स्वतः सांगा, "मी क्रशरवर काम करते," आणि केसपेपरवर ते लिहून घ्या. पुढे हक्क मागायला तो कागद उपयोगी पडेल.

क्रशरला पाण्याचे फवारे हवेत, पट्टे झाकलेले हवेत, वारा अडवणारी भिंत हवी, आतले रस्ते ओले ठेवायला हवेत, भोवती झाडं हवीत. हे सगळं पर्यावरणाच्या नियमांत लिहिलेलं आहे. तोंडाला पदर बांधणं हा उपाय नव्हे. पदरातून बारीक पीठ आत जातंच. आधी धुरळा जागेवर मारायचा, मग मास्क.

बांधकाम मजूर म्हणून नोंदणीचाही मार्ग आहे. दगड कापणे, फोडणे, त्याचा चुरा करणे ही कामं महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या यादीत आहेत. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम, ही अट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा, खाणींचा कायदा, समान वेतनाचा कायदा असे जुने कायदे त्यांत गेले. पण नोंदणीची गरज संपलेली नाही, उलट वाढली आहे. अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्याशी. जोडीवर काम करणाऱ्या बाईला तो कोण देणार? म्हणून हजेरी वेगळी हवी. सगळ्या कायद्यांचं दार त्या एका ओळीतून उघडतं, बाईचं नाव, तारीख, काम.

मुलांबद्दल एकच सांगते. पुण्याजवळच्या खाणींवर 'संतुलन' संस्थेने १९९७ पासून पाषाण शाळा चालवल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा खाणीवर नेली. ते तिथे होऊ शकतं, तर आपल्याकडच्या खाणींवर निदान पाळणाघर आणि अंगणवाडी का होऊ नये?

आपण काय करायचं

आता कामाचं बोलू. आपल्या हातात आहे ते असं:

एक. गावाच्या हद्दीतल्या खाणी आणि क्रशर यांची यादी गटांनी करायची. परवाना कधीपर्यंत आहे, कच किती पडली आहे, वस्तीपासून अंतर किती, फवारे चालतात का. तहसील कार्यालय आणि ग्रामपंचायतीकडे माहितीच्या अधिकारात कागद मागायचे.

दोन. महिला ग्रामसभेत ठराव घ्यायचा, की पडून असलेल्या कचेतला ठरावीक हिस्सा घरकुल मंजूर झालेल्या बायांना आणि खाणीवरच्या कुटुंबांना विनामूल्य मिळावा. यात विधवा, परित्यक्ता, एकट्या बायांचा नंबर पहिला.

तीन. गौण खनिजावरच्या स्वामित्वधनाच्या जोडीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे निधी जमा होतो. तो पिण्याचं पाणी, आरोग्य, महिला-बालकल्याण यांसाठी प्राधान्याने वापरायचा असतो. खाणीवरच्या वस्तीला नळ, छातीची तपासणी, पाळणाघर यांची मागणी त्या निधीतून लेखी करायची.

चार. ज्या गटाला ठोकळ्यांचा उद्योग करायचा आहे, त्याने तीन गोष्टींशिवाय यंत्र घेऊ नये. पाण्याची सोय, मालाची तपासणी आणि ग्रामपंचायतीच्या कामांत खरेदीचं लेखी आश्वासन. जागेचा करार आणि बँकेचं खातं बायांच्याच नावावर.

पाच. खाणीवरच्या प्रत्येक बाईची स्वतंत्र हजेरी. मालक देत नसेल तर आपण वही ठेवू. साक्षीदार म्हणून दुसऱ्या बाईचा अंगठा घेऊ. कागद नसण्यापेक्षा आपला कागद बरा.

कुणी म्हणेल, इतक्याशा धुरळ्यासाठी एवढा खटाटोप? मैत्रिणींनो, हे कुंडल आहे. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू आणि त्यांच्या साथीदारांनी इथून प्रतिसरकार चालवलं. परक्या सरकारचा खजिना लुटला तेव्हा त्यांचं म्हणणं होतं, की हा पैसा इथल्या लोकांचा आहे, आम्ही तो परत घेतो आहोत. त्या लढ्यात बायांनी निरोप नेले, हत्यारं लपवली, भाकरी पोचवल्या. बऱ्याच जणींची नावं इतिहासात आली नाहीत. आपल्याला कुणाला लुटायचं नाही. डोंगर गावाचा, नदी गावाची आणि त्यांवर राबणारा हात आपला, म्हणून जे निघतं त्यात आपला वाटा मोजून द्या, एवढंच आपलं म्हणणं आहे.

पुढच्या महिन्यात आपापल्या गावच्या महिला ग्रामसभेची तारीख काढा. यादीचं काम त्याआधी पुरं करू. ज्या गावात क्रशर नाही, त्या गावच्या मैत्रिणींनी शेजारच्या गावात मदतीला यायचं. कागद लिहायला, तहसीलला यायला मी आहेच.

स्त्री मुक्ती झिंदाबाद!